शेवटचं अक्षर

उमदीहून सांगलीला येताना
एसटीत मी पुटपुटत बसायचे,
तो कागद, ती वही, ते पान.
आमच्या कन्नडात वस्तूंना एकच: अदु.
दगड अदु, भाकरी अदु, दाराची कडीसुद्धा अदु.
कुणी बाई नाही, कुणी बुवा नाही.

पाचवीत फळ्यासमोर उभं राहून म्हणाले होते,
'आमचा विहीर आटला.'
वर्ग बाकं बडवून हसला.
विहीर खरंच आटली होती,
त्याचं कुणी काही विचारलं नाही.

तेव्हापासून हाताला एक खोड.
वाक्य नीट लिहायचं, घोटून, वळणदार,
आणि क्रियापदाच्या टोकाशी आलं की
बोट जिभेला लावून
काना, वेलांटी, मात्रा, जे काय असेल ते
जरासं फरफटवायचं.
आटला, आटली, आटले,
ज्याला जे वाचायचं त्यानं ते वाचावं.
मराठीत पास झाले मी बारावीपर्यंत
अशी, ओल्या बोटावर.
एका वहीत शेराही आहे:
'अक्षर सुंदर. शाई फुटते.'

आता विश्रामबागेत डी.एड.
म्हणजे उद्या लाल पेन माझ्याच हातात.
(या विचारानं पहाटे तीनला जाग येते.)

निंबर्गी मॅडमनी निबंध परत देताना
पान खिडकीकडे धरलं, तिरकं,
बराच वेळ.
त्यांना कन्नड बोलताना कॉलेजात कुणी ऐकलेलं नाही.
पर्समधून पेन काढून माझ्यापुढं ठेवलं.
'हे वापर. ही शाई पाण्यानं हलत नाही.'
बस, एवढंच. पुढच्या मुलीचं नाव घेतलं.

रात्री हॉस्टेलच्या जिन्यात
पान गुडघ्यावर. 'विहीर' लिहून
तासभर तिथंच.
बोट फिरवून पाहिलं दोनदा.
अक्षर जागचं हललं नाही.

तेवढ्यात अव्वाचा फोन.
'एन बरदी?' काय लिहिलंस?
म्हटलं, बावी.
'नम्मदा?' आपली?
पलीकडं भांडं ठेवल्याचा आवाज.
मग ती सांगत सुटली, कन्नडात,
पायऱ्या लिहिल्यास का, अकरा होत्या,
सातवी हलायची,
तिच्यावर पाय देऊ नको म्हणून ओरडायचे मी,
तेही लिही.

फोन कानाशी धरूनच
लिहून घेतलं: सातवी हलायची.
बोट कोरडं होतं.