उर्फ

माझा जावई मॉन्ट्रियलचा, नाव एत्येन.
आडनाव लांबलचक : रोबिताय दि सांसूसी.
मधला ‘दि’ काय, विचारलं,
तर फोनवर बराच वेळ शब्द शोधत राहिला.
‘म्हटलेला,’ म्हणाला. ‘लोक ज्याला असं म्हणतात, तो.’
अरे, मग उर्फ म्हण की.
तीस वर्षं उर्फ लिहीत आले मी,
महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात, जन्म-मृत्यूच्या टेबलावर.
विश्वंभर उर्फ बाळू.
शकीला उर्फ शकुंतला. तिथं मान वर करायची नाही,
शिक्का मारायचा.
आणि सगळ्यांत जास्त वेळा : मुलगी. नावाच्या रकान्यात रेघ.
नाव नंतर आणून देतो म्हणायचे.
काही जण यायचे.

सांसूसी म्हणजे बेफिकीर.
राजाच्या पलटणीतलं कुणी पोर बोटीतून बर्फात उतरलं,
साडेतीनशे वर्षं झाली,
सार्जंटनं वहीत लिहून टाकलं : बेफिकीर.
(कशावरून? त्या थंडीत?)
आणि तिकडे प्रत्येक मुलगी मारी, प्रत्येक मुलगा जोझेफ,
मग धर्मपित्याचं नाव, मग कुठे हाकेचं.
‘एका वर्षात बावीस मारी,’ एत्येन वैतागतो,
‘यातली माझी कुठली?’
मी म्हटलं, बाबा, पाद्री नाव ठेवतो,
गाव नावं ठेवतं.
गावानं ठेवलेलं शोध, ते टिकतं.
हे वाक्य रेनातानं त्याला समजावून सांगितलं,
तिला दहा मिनिटं लागली.

‘आता तुमचं सांगा,’ म्हणाला, ‘झाडाची एक बाजू रिकामी आहे.’

म्हणून मरोळ गावठाणातून देवळापर्यंत चालत गेले,
मेट्रोच्या खांबांखालून.
क्लेमेंटनं कपाट उघडलं. डांबराच्या गोळ्यांचा वास,
कसरीनं खाल्लेली पोर्तुगीज अक्षरं.
भाषा येत नाही मला, पण रकाने येतात.
रकाने सगळीकडे सारखेच.
थोरल्याला आज्याचं नाव, ही आमची रीत,
म्हणून पास्कू, दुमिंग, पास्कू, दुमिंग,
जिन्यावरून उतरावं तसे खाली खाली,
आणि मध्ये एक पास्कू चार महिन्यांत गेलेला,
त्याचंच नाव पुढच्या वर्षी त्याच्या भावाला.
त्या आईनं हाक कशी मारली असेल, पहिल्यांदा?
क्लेमेंट चहा घेता का विचारत होता.

सगळे मिस्किटा.
पण गावात आम्हाला मिस्किटा कोण म्हणतं?
आम्ही उलट्या जात्याचे.
का, ते बापूस एक सांगायचा, काका दुसरंच.

शेवटच्या पानाचा फोटो एत्येनला पाठवला.
त्यानं आपल्या फ्रेंचच्या आधारानं अडखळत लावलं :
बाप्तिस्मा झालेला, वय अदमासे वीस, नाव दुमिंग.
आडनाव धर्मपित्याचं.
आईबाप परधर्मी.
त्यांच्या नावांच्या जागी रेघ.

रेघ मी ओळखली.
घाईत ओढलेली, शेवटी किंचित वर गेलेली.
बाहेर रांग असली की अशीच येते.

रात्री तिकडून प्रश्न आला : झाडावर तिथं काय लिहू?
आणि मुलगी झाली तर त्याच्या आईचं नाव की माझं?
अपोलिना तिकडच्या शाळेत चालेल का?
दुसऱ्या प्रश्नात मी पडले नाही.
पहिल्याला म्हटलं, रेघ राहू दे.
रेघेपुढे ‘दि’ लिही,
दिच्या पुढे उलट्या जात्याचे.

‘जातं म्हणजे?’
कॅमेरा चालू ठेवून परसात गेले.
नळाखाली पाय धुवायला ठेवलंय ते,
शेवाळलेलं, एकच तळी उरलेली.
बॅटरी धरून वाकून पाहिलं,
पालथी घालून पाहिली, पुन्हा सरळ केली.
‘हं,’ एत्येन म्हणाला, ‘आता उलटं आहे का?’
थांब जरा, म्हटलं.