आरशातला हात

एकतीस वर्षं नोकरी केली,
पण त्याला समोरून कधी पाहिलं नाही.
सेगेदच्या ऑपेरात रंगमंचाच्या ओठाशी एक लाकडी पेटी असते.
तीत गुडघे दुमडून बसायचं,
गायक अडखळायच्या अर्धा श्वास आधी शब्द पुरवायचा.
तोंड गायकांकडे, पाठ वाद्यवृंदाला.
कंडक्टर दिसावा म्हणून आत एक आरसा ठोकलेला,
पोस्टकार्डाएवढा, एका कोपऱ्यात पारा उडालेला.
बोदिश आगोश्तोन त्या आरशात राहायचा.

पहिल्यांदा दिसला तो अपघातानेच.
दुसऱ्या अंकात म्हाताऱ्या रेझलरसाहेबांचा घोळणा फुटला,
शर्टाची पांढरी छाती लाल झाली,
आणि गायकांच्या तालमी घेणारा, डेब्रेत्सेनहून आलेला पोरगा
तपकिरी स्वेटरवरच चौथऱ्यावर चढला.
काठी सापडेना. व्हायोलावाल्याने पेन्सिल दिली.
साडेनऊशे माणसं त्या रात्री
एका शिसपेन्सिलीच्या टोकावर श्वास घेत होती.
मला वाटलं, डावखुरा आहे.
आठवड्याने कळलं, चूक आरशाची.

मग छप्पन्न साल.
हिवाळ्यात पडदा पुन्हा उघडला
तेव्हा हॉर्नच्या चार खुर्च्यांत एकच माणूस.
बाकीचे तिघे बर्फातून सरहद्द ओलांडून गेले होते,
एक तर वाद्य बायकोच्या शालीत गुंडाळून, बाळासारखं.
आगोश्तोनने रात्रभर बसून त्यांचे सूर
बसूनला वाटले, चेलोला वाटले,
उरले ते गाळले.
पण ती जागा आली की
रोज न चुकता त्याचा हात त्या खुर्च्यांकडे जायचा:
या आता.
खात्यातून एक गृहस्थ आले. विचारलं, हा इशारा कोणाला?
"सवय आहे," तो म्हणाला.
मी पेटीत होते. मला घाम फुटला.

पुढे बुडापेस्टने बोलावलं, मग जर्मनांनी,
धुराड्यांच्या कुठल्या कुठल्या गावांत.
पत्रं यायची, त्यात ख्यालीखुशाली नसायची:
"तिसऱ्या अंकातली प्रार्थना आपण फार भरभर घेत होतो, एतेल्का.
आणि तू शब्द फार लवकर देतेस."
मोठं नाव झालं का? छे.
दोन तबकड्या निघाल्या, एकीवर आडनाव चुकलेलं.
नऊ वर्षांनी परतला तो पाठीत वाकून,
लय इतकी संथ झालेली
की टेनर नोत्री मध्यंतरात ओरडला,
"माणसाला फुप्फुसं दोनच असतात, गुरुजी!"
पण प्रार्थना ऐकताना कोरसमधली
जाडी बोरिश्का, जिला रोज भाजीची घाई असे,
जागची हलायची नाही.
आरशात बघत मीही पान उलटायला विसरले, एकदा.
आयुष्यात एकदाच.

आता तिसा नदीकाठच्या इस्पितळात
दुसरा मजला, खिडकीजवळची खाट.
उजवा हात पांघरुणावर पडलेला,
कुणीतरी विसरून गेलेल्या हातमोज्यासारखा.
मी समोर बसले. समोरून!
भांग भलत्याच बाजूला. गालावरचा तीळही.
क्षणभर वाटलं, खोली चुकले.

शेजारच्या खाटेवर रेडिओ लागला,
कुठलंसं वाल्ट्झ, फालतू,
आणि त्याचा डावा हात उचलला गेला.
तेव्हा ओळखला.
थेट माझ्या आरशातला.
एक, दोन, तीन करत असताना मधेच
खिडकीबाहेर रिकाम्या अंगणाकडे
बोटं उघडली त्याने. या आता.

मग सूप आलं. त्याला काहीतरी हवं होतं,
ओठ हलले, शब्द येईना.
जी कामं कधी सुटत नाहीत त्यातलं माझं एक.
"चमचा," मी हळूच म्हटलं.
त्याने कपाळाला आठ्या घातल्या,
बराच वेळ शोधत राहिला,
आणि मग, स्पष्ट,
त्या आठवड्यातला पहिला शब्द:
"लवकर."