डावीकडून उजवीकडे

सेलीना स्नूक बिस्किटांच्या डब्यातून
चौदा फोटो घेऊन आली.
न्यूफाउंडलंडचा एप्रिल, खाडीत अजून बर्फाचे तुकडे,
आणि माझ्या दाराशी तिच्या बुटांचं थारोळं.
त्यांच्या बेटाचं नाव नकाशात आहे,
गाव मात्र तेवढं पुसलं गेलंय.
"जुलैत सगळे जमतायत, चर्चच्या हॉलात.
दहा मिनिटांचं काहीतरी कर.
लोक पेंगायला नकोत."

म्हटलं, होईल. हा माझ्या डाव्या हातचा मळ.
पहिल्या सेकंदाला एक चौकट आखायची,
सहाव्या सेकंदाला दुसरी, जराशी लहान.
मधली वाट संगणक चालतो.
फोटो बसल्या जागी बसून राहतो
आणि बघणारा पाऊल न उचलता
कुणाच्या तरी खांद्यापाशी जाऊन पोचतो.

शाळेचा फोटो. एकोणीस पोरं, एक बाई.
रांगेवरून सावकाश सरकत गेलो
टोकाच्या त्या धुरकट डोक्यापर्यंत.
"बर्टी कीपिंग," ती म्हणाली,
"तो तेव्हाही हलतच होता."

माळ्यावर वाळत घातलेले कॉड: वरून खाली.
लग्न: नवरीच्या हातापासून मागे मागे,
तर कोपऱ्यात एक कुत्रा सापडला,
कुणाच्या तरी कोटाची बाही तोंडात धरलेला.
साठ वर्षं तो फोटो भिंतीवर होता म्हणे.

मग तिचा बाप. दारात उभा, हात खिशात.
मी चेहऱ्याकडे निघालो.
शंभर टक्के, दोनशे, साडेतीनशे,
आणि डोळे जवळ येता येता
त्यांचे राखाडी चौकोन झाले, सात की आठ,
भरभर टाकलेल्या फरशीसारखे.
"मागे हो," ती म्हणाली.
"इतक्या जवळ त्यानं आईलाही येऊ दिलं नाही."
मागे झालो.
एकशेदहावर चौकोनांचा पुन्हा माणूस झाला.

शेवटचा फोटो: समुद्रावर घर.
दुमजली, पांढरं, खिडक्यांना पडदे.
गाव उठवलं त्या वर्षी त्यांनी घरं
ओंडक्यांवरून ओढत पाण्यापर्यंत आणली,
खाली रिकामी पिंपं बांधली,
भरती यायची वाट पाहिली
आणि पाच होड्यांच्या दोरांनी
ती खाडीपार नेली.

मला वाटलं, याहून सोपं काय!
डावीकडून उजवीकडे, सहाच्या जागी बारा सेकंद,
निघताना अलगद, पोचताना अलगद.
घर चालू लागलं.
खोटं कशाला बोलू, माझीच पाठ
मला थोपटावीशी वाटली.

सेलीनानं चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं.
"पाणीपण घराबरोबर चाललंय," ती म्हणाली.
"त्या दिवशी पाणी जिथल्या तिथे होतं."

मी म्हणालो, फोटोत ते दोन्ही एकच असतात,
एकाला ओढलं की दुसरं येणारच.
"मग कशालाच ओढू नकोस.
मी वरच्या खिडकीत होते, डावीकडच्या.
आई सांगून गेली होती, जागची हलू नकोस,
नाहीतर घर कलंडेल.
दुपार होईपर्यंत मी मानसुद्धा वळवली नाही."

खिडकी मोठी करून पाहिली.
नुसता काळोख, आणि कडेला एक फिकट ठिपका.
तो पडदाही असेल.

दोन्ही चौकटी काढून टाकल्या.
बारा सेकंद तसेच ठेवले.
पडद्यावर घर उभं राहिलं,
दोर ताणलेले, होड्या ताणलेल्या,
कुणीच कुठे जात नव्हतं,
आणि माझ्या शेजारी एक्क्याऐंशी वर्षांची सेलीना स्नूक
टेबलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून
ताठ बसली होती.

तेराव्या सेकंदाला तिनं श्वास सोडला.
म्हणाली, "तो कुत्रा परत दाखव."