सतरा साते

इंदुरात समुद्र नाही.
खान नदी आहे, तिला नदी म्हणायला मन मोठं लागतं,
आणि बिलावलीचा तलाव, जिथे अच्युत
टायरच्या ट्यूबवर बसून आरमार चालवायचा.

अण्णा रामबागेत गणित शिकवत.
घरी दिवेलागणीला पाढे. चुकलं की अंगठे.
मी तीसपर्यंत घडाघडा.
अच्युत सतराच्या सातव्या पायरीवर हमखास घसरे:
सतरा साते एकविसाशे.
"एकुणिसाशे, गाढवा!"
आणि तो अंगठे धरून, उलटा, मला वेडावी.

एकाहत्तरच्या डिसेंबरात तार आली.
मग पत्र, टंकलिखित.
त्यात 'असामान्य धैर्य' होतं, 'कर्तव्य' दोनदा होतं,
अच्युत कुठेच नव्हता.
अण्णा ते चष्मा पुसून पुसून वाचत,
उत्तर बरोबर आलंय
पण रीत दाखवलेली नाही, तसं.

तिसऱ्या वर्षी खंडव्याच्या छोट्या गाडीने
एक माणूस आला. स्टोकर कुंजप्पन.
एका कानाने बहिरा, मान भाजलेली.
हिंदी मोडकी, म्हणून बरंचसं हातांनी:
पाणतीर इथे लागला (आमच्या टेबलाचा कोपरा),
दिवे गेले, जहाज कुशीवर,
बॉयलर-रूमचं झाकण वाकून अडकलेलं.
साहेब वर होता. वरच राहता आलं असतं.
कांब घालून, खांदा लावून त्याने झाकण तोललं
आणि म्हणाला, चला, एकेक, मी मोजतो.
अकरा जण त्याच्या काखेखालून निघाले.
शेवटी तो. खांदा लोंबत होता.

मग पाणी. तेल. थंडी.
झोपला तो गेला, एवढंच सगळ्यांना ठाऊक.
साहेब म्हणाला, माझ्यामागून म्हणा.
पंजाबी, बंगाली, आम्ही मल्याळी,
कुणाला अर्थ कळत नव्हता. मंत्र असेल, वाटलं.

कुंजप्पनने पोह्यांची बशी खाली ठेवली, डोळे मिटले,
आणि आमच्या बैठकीत सुरू झाला:
बे एके बे.
बे दुणे चार.
शेजारचा रेडिओ कुणीतरी बंद केला.
दहा गेले, बारा गेले, चौदा,
अण्णांचे ओठ सोबत हलायला लागले,
सतरा पंचे पंच्याऐंशी,
मी पदराचं टोक मुठीत धरलं.

सतरा साते एकविसाशे.

चाळीस वर्षांत अण्णांनी
एक चूक अशी जाऊ दिली नव्हती.

पुढचं येत नाही, कुंजप्पन म्हणाला.
इथेच आवाज थांबला.
आम्ही नाही थांबलो. एवढंच, पहिल्यापासून,
पुन्हा पुन्हा, उजाडेपर्यंत.

रात्री त्याला स्टेशनवर पोचवायला अण्णा स्वतः गेले.
मी डबा घेऊन मागे.
फलाटावर गाडी लागलेली, खिडकीत तो,
गजाला धरून अण्णा, हळू, एकेक अक्षर सोडवत:
सतरा आठे छत्तिसाशे.
सतरा नव्वे त्रेपन्नाशे.
सातव्याबद्दल काही बोलले नाहीत.
सतरा दाहे,
आणि गाडी हलली.