अडतीसच्या अलीकडे

नाउताच्या वरच्या अंगाला, मारान्योनच्या काठी
खांबांवर उभा आमचा दवाखाना.
नदी यंदा तिसऱ्या पायरीला लागलीय.
आत एक फळी, फळीवर थर्मामीटर, वही,
आणि भिंतीला डकवलेला कागद:
ताप अडतीस किंवा वर. सोबत खोकला.
सुरुवात दहा दिवसांच्या आतली.
हे सगळं जुळलं तर लिहा: फ्लूसारखा आजार.

नऊ वर्षं वाचतेय मी हा कागद.
त्याच्या कोपऱ्याला आता बुरशीची दाढी आलीय.

जूनमध्ये दक्षिणेकडून गार वारा येतो
आणि तीन दिवस झाडांना कळत नाही काय करावं.
माणसं मग होडीतून येतात, चादरी लपेटून.
फ्लोरमिराची पोर: एकोणचाळीस पॉइंट दोन,
खोकला नाही, डोळ्यांच्या मागे ठणकतंय म्हणते.
डासाचा ताप असेल. नसेलही.
मास्तर एलिसेओ तामानी: अडतीस पॉइंट पाच,
खोकून खोकून बरगड्या धरलेल्या. लिहा.
त्याच्या मागोमाग त्याची अख्खी तिसरी,
एकाचा खोकला कोरडा, होडीच्या तळाला काठी लागावी तसा,
एकीचा ओला, आणि एक नुसताच
बाकीच्यांचं बघून खोकणारा.
लिहा, लिहा. त्यालाही लिहा, अंग तापलंय.

उन्हं कलताना म्हातारा आबेलिनो आउआनारी आला.
ऐंशी कधीच ओलांडलेली, वल्हं स्वतःच मारत.
पायऱ्या चढताना मध्येच थांबला, नदीकडे बघत,
काहीतरी होडीत विसरल्यासारखा.
थर्मामीटर: सदतीस पॉइंट एक.
खोकतोस?
नाही.
मग होतंय काय?
"एडेलमिरा, कालपासून मासे जड झालेत."
मी हसले.
वहीत त्याला रकाना नव्हता.
सहा गोळ्या दिल्या, म्हटलं, जा, पडून राहा.

महिन्याला दहा काड्या येतात नाकात घालायच्या,
आणि त्या कागदात बसणाऱ्यांसाठीच.
नऊ संपल्या होत्या.
त्याची होडी सुटता सुटता
का कुणास ठाऊक, मी हाक मारली.

दहा नळ्या बर्फात, बर्फ डब्यात, डबा लाँचवर,
लाँच इकितोसला. बर्फ कुठवर टिकला
हे लाँचवाल्यालाच माहीत.
अकराव्या दिवशी उत्तर आलं.
तोवर तिसरीचा वर्ग झाडावर चढत होता.
दहांपैकी चौघांना फ्लू.
मास्तर त्यात नाही, त्याला दुसरंच काहीतरी,
ज्याचं नाव त्यांनीही लिहिलेलं नाही.
चौघांत आबेलिनो.

मी त्याच्याकडे गेले. जाळं शिवत बसला होता,
गालफडं आत गेलेली, सुईत दोरा जाईना.
ओवून दिला.
काय झालं होतं मला?
फ्लू.
गेला?
हो, केव्हाच.
तो थोडा वेळ जाळ्याच्या भोकातून बघत राहिला.
"मग मासे अजून जड का?"

परत येऊन त्या कागदाच्या खाली,
बुरशी टाळून, मी पेन्सिलीनं लिहिलं:
म्हातारे. ताप नाही. मासे जड?

ऑगस्टमध्ये साहेब तपासणीला आले,
चष्मा कपाळावर सरकवून वाचलं,
विचारलं, हे काय?
म्हटलं, अजून ठरलेलं नाही.
बाहेर कुणाची तरी होडी खांबाला थडकली.
मी थर्मामीटर झटकला.