चहाची परीक्षा

मॉरव्हन आली ती टेप घेऊनच.
आधी खुर्चीची उंची मोजली, मग पलंगाची,
मग कमोडची, मग माझी, गुडघ्यापासून टाचेपर्यंत.
पेन्सिल कानावर, शिंप्यासारखी.
म्हणाली, "मिसेस देवस्थळी, आता चहा करून दाखवा.
मी इथे नाहीच असं समजा."

इथे नाहीच असं समजा म्हणत बघणारी माणसं
मला नवी नाहीत.
सदुसष्ट साल, चिपळूण,
सतरंजीवर पाच जण, मी ट्रे घेऊन.
त्यांनीही चालच बघितली होती,
पाय अधू नाही ना, हात कापत नाही ना.
साखर घालायची विसरले, तरी पास झाले.
ह्यांनी तो चहा निमूट संपवला
आणि सांगितलं वीस वर्षांनी,
डंडीला, टे नदीकडे तोंड करून, उगाच हसत.

आता मांडीच्या हाडात सळई आहे.
जानेवारीत, कचऱ्याच्या डब्यापाशी,
बर्फ दिसलाच नाही. दिसत नाही तोच घात करतो.
पाच आठवडे निनेवेल्स हॉस्पिटलात.
तिथल्याच लाँड्रीत बावीस वर्षं चादरी घडी केल्या मी,
आणि तिथेच पडून बघत होते
कोपरे कुणी कसेतरी खुपसलेत ते.

नापास झाले तर काय, हे कुणी बोललेलं नाही.
मुलगा ब्रिस्टलहून फोनवर "होम" म्हणतो,
आणि त्याला घर म्हणायचं नसतं.

मॉरव्हनने किटलीकडे बघितलं.
मी पातेलं काढलं.
फॉर्मवर किटलीचा रकाना होता, पातेल्याचा नव्हता.
वॉकर सोडला तर हात मोकळे, पाय नाहीत;
धरला तर उलट.
म्हणून ओट्याला पोट टेकवलं
आणि पातेलं सरकवत नेलं, प्याद्यासारखं,
एकेक घर.
आलं राहू दे म्हटलं. मग किसलंच.
पेपर सोडवायचा तर सगळा.
दूध खालच्या कप्प्यात होतं, तिथे मी थांबले,
आणि ती, इथे नसलेली,
खुर्चीतून अर्धी उठली.
उठून पुन्हा बसली. तेवढं मला आवडलं.

साखर दोनदा घातली असावी.
तिने कप संपवला. समासात काहीतरी लिहिलं.
मी चष्म्याशिवाय उलटं वाचलं: पातेलं.

गुरुवारी व्हॅन आली. दोन पोरं,
एक उंच स्टूल, एक चाकांचा ट्रे, न्हाणीघरात कठडे.
फ्रिजचे कप्पेच बदलून दिले, दूध आता छातीशी.
सकाळी शनेल येते, वीस मिनिटं,
मोजे चढवायला, टाचांना क्रीम लावायला.
त्याचे पैसे इथे घेत नाहीत.
फुकटाची सवय नाही मला,
म्हणून ती यायच्या आत आधण ठेवते.
ती उभ्यानेच पिते, एक डोळा घड्याळावर,
पुढचा म्हातारा लॉकीत वाट बघतोय म्हणते.

आणि गळ्यात करड्या दोरीला लाल बटण.
हे गेल्यापासून गळ्यात काही नव्हतं.
पहिले दोन दिवस
मी ते ब्लाउजच्या आत सरकवत होते,
जुन्या सवयीने.

परवा रात्री तीनला कूस बदलली आणि ते दाबलं गेलं.
अंधारातून, टेलिफोनशेजारच्या डबीतून, बाई बोलली,
"मिसेस डेव्हस्टॅली, पडलात का?"
नाही म्हणायला मला अंमळ उशीर झाला.
इतक्या रात्री माझं नाव
चुकीचं का होईना, कुणी घेतलं नव्हतं बरेच दिवस.
"नाही," म्हटलं, "कूस बदलली."
ती लगेच गेली नाही.
तिच्याकडेही भुरभुर सुरू आहे म्हणाली.
झोप येणार नसेल तर गरम काही घ्या,
पण जपून, एकट्या आहात,
करता येईल ना?

येईल, म्हटलं.
लेखी आहे माझ्याकडे.