खिडकीचा हिरवा

आर्सेनच्या गाडीची पेटी कुठल्याच दुकानात मिळत नाही.
कोण काढणार? आयुष्यात एकदाच तिसरी आली ती,
स्ताव्हलोच्या चढावर,
तेही पुढचे दोघे घसरले म्हणून.

तेव्हा मी दोन परक्या पेट्या फोडल्या.
एकीचं नाक घेतलं, दुसरीची शेपूट,
मधला भाग पुट्टी आणि आठवण कालवून भरला.
चोवीसास एक हे माप.
या मापात आर्सेन माझ्या करंगळीहून जरासा उंच,
आणि गॅरेजातला पोऱ्या गिलेन, म्हणजे मी,
पान्ह्याआड सहज लपेल.

फेब्रुवारीभर घासत होतो.
आठशेचा कागद, मग हजारचा, मग दोन हजारचा,
मग नुसती अंगठ्याची कातडी;
कागदाला दिसत नाही ते अंगठ्याला दिसतं.
सीटचे पट्टे केले बाटलीच्या गळ्यावरच्या शिशाच्या पन्नीचे.
मेलेल्या टेलिफोनातून तांब्याच्या तारा ओढल्या
आणि इंजिनात एकेक रोवल्या, श्वास रोखून.
डॉक्टर म्हणतात, हात थरथरतो.
थरथरतो.
पण दोन थरथरींच्या मध्ये एक फट असते,
तेवढ्यात काम उरकायचं.

अडलं ते रंगाशी.
फोटो सगळे काळेपांढरे.
डोक्यात एक हिरवा होता, साठ वर्षं जपलेला,
बाटल्यांतला एकही त्याला ओळख देईना.
प्लास्टिकचे सात चमचे रंगवून खिडकीत उभे केले:
एक औषधाच्या दुकानाचा, एक लष्करी,
एक कच्च्या सफरचंदाचा, बाकीचे कुणाचेच नाहीत.

शेवटी ओदीलला फोन केला.
ती म्हणाली, "कसला आलाय खास रंग?
आमच्या स्वयंपाकघराच्या झडपा रंगवून उरलेला डबा तो."

तिनं शिडी धरली चौऱ्याऐंशी वर्षांच्या हातांनी,
मी चढलो शहात्तरच्या गुडघ्यांनी.
वरच्या बिजागरीमागे, जिथं ऊन पोचत नाही,
पातं लावलं.
पांढरा. त्याखाली करडा.
त्याखाली एक लाजिरवाणा निळा
("जावयाचं काम," खालून ओदील).
आणि मग, नखाएवढा, तो.

माझा नव्हताच.
अधिक काळसर, जरा आजारी,
न उपसलेल्या हौदाच्या तळासारखा.
आठवणीला म्हटलं, तू गप्प बस,
आणि आठवा चमचा रंगवला.

तीन हात दिले, काचेवरच्या वाफेइतके पातळ.
वर केकचं झाकण उपडं घातलं,
कारण या मापात धुळीचा कण
सुपारीएवढा दगड होऊन पडतो.
एक्केचाळीस हा आकडा कोमट पाण्यात सोडला,
तो कागदावरून सुटला आणि
दारावर असा बसला, जणू कधी उठलाच नव्हता.

एप्रिलात ओदील बघायला आली. कोट काढला नाही.
आर्सेन शर्यतीत नाही, साखरेनं गेला,
पायजम्यात, तांदळाच्या गोड टार्टची चौकशी करत.
तिनं चष्मा गाडीभोवती एक फेरी फिरवला.
"छान आहे. पण पोचा कुठाय?"

कुठला, ते मला माहीत होतं.
नाकावर, डावीकडे. शर्यतीच्या सकाळी सापडलेला.
आर्सेन आठवडाभर माझ्याशी बोलला नाही,
त्या आठवड्याच्या पगाराचंही बोलला नाही.
मी शपथा घेतल्या. मग कंटाळून कबूल केलं:
हो, पडला पान्हा माझ्या हातून.

"आदल्या रात्री मी बसले होते त्यावर," ओदील म्हणाली.
"एकटी नव्हते."
आणि कोटाचं वरचं बटण लावलं.

कोण, ते मी विचारलं नाही.
साठ वर्षं पडत असलेला पान्हा
कुठंतरी जमिनीला टेकला, तेवढं ऐकू आलं.

मग चहाचा चमचा मेणबत्तीवर धरला.
पाठ तापली, नाकाशी नेली.
"इथं?"
"अजून डावीकडे."
रंगाला घाम फुटला, खालचं प्लास्टिक मऊ पडलं.
"किती दाबू?"
ओदीलनं डोळे मिटून हिशेब केला.
"हलकेच," ती म्हणाली,
"तेव्हा मी बारीक होते."